पाण्याची वही विद्यापीठाने लिहावी

मराठवाड्याच्या भूजलाचा आजवरचा सर्वांत इमानी राखणदार कोण, तर भारनियमन. कायद्याला जे जमले नाही ते त्याने केले. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत. पण लातूर-बीडकडे 'आठशे फूट मारला, फुफाटाच निघाला' हे वाक्य चहाच्या टपरीवर कोणीही सहज बोलून जातो. उपसा थांबायचा तो वीज गेल्यावरच. अर्थात या राखणदाराने शेतकऱ्याला छळले ते काही कमी नाही. मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे, पायाखाली साप आहे की विंचू हे बघायचे, आणि नेमका तेव्हाच डीपीवरचा फ्यूज उडायचा. हा राखणदार गेला पाहिजे, याबद्दल दुमत असूच शकत नाही.

आणि तो जातो आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. जमीन असेल त्या मानाने तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाजवळच्या उपकेंद्रालाच सौर वीज जोडली जात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेतील ज्या पाच प्रकल्पांचे उद्घाटन झाले, त्यांतले दोन मराठवाड्यातले होते: वैजापूर तालुक्यातले धोंदलगाव आणि नांदेड जिल्ह्यातली बामणी. दिवसा वीज, स्वच्छ वीज. यात खोट काढायची म्हटले तर माणूस कद्रू ठरेल.

मी ती काढणार आहे. शेतात बसलेल्या सौरपंपाला बिल येत नाही, म्हणून तो बंद करण्याचे कारणही उरत नाही. ऊन आहे तोवर पाणी येते, आणि मराठवाड्यात उन्हाची टंचाई कधी जाहीर झालेली नाही. परिणाम असा, की एका खात्याच्या अहवालात हे हरित ऊर्जेचे यश म्हणून नोंदले जाईल आणि त्याच गावाचे नाव दुसऱ्या खात्याच्या टँकरच्या यादीत येईल. दोन्ही अहवाल खरे असतील. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी यावर एक तोड काढून पाहिली गेली: शेतकऱ्यांची सौर सहकारी संस्था उरलेली वीज वीज कंपनीला विकते, म्हणजे मोटार बंद ठेवण्यातही दोन पैसे मिळतात. कल्पना सुंदर आहे. पण ती कुठे लावायची, कोणत्या शिवारात उपसा आधीच हाताबाहेर गेला आहे आणि कुठे अजून वाव आहे, हे सांगायला आधी शिवाराचा हिशेब लागतो. तंत्रज्ञान दारात येऊन उभे आहे आणि हिशेबाची वही कोरी आहे. शाश्वत विकासाच्या नावाने मराठवाड्यात जे काही चालले आहे, त्याची खरी अडचण मला इथे दिसते.

हिशेब अवघड नाही. बी.एस्सी.च्या मुलाला फळ्यावर करता येईल असा आहे. एका गावाचे शिवार १,००० हेक्टर धरू. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हेक्टरवर एक मिलिमीटर पडला की दहा हजार लिटर, म्हणजे शिवारावर वर्षाला ६८० कोटी लिटर. आकडा ऐकून वाटते, मग दुष्काळ कसला? पण यातला मोठा वाटा पिके आणि ऊन पिऊन टाकतात, काही ओढ्याने निघून जातो आणि खाली मुरते ते थोडके. ते मावते कुठे? आपल्या पायाखाली काळ्या बेसाल्टचे थर आहेत. खडक जेवढा झिजलेला आणि भेगाळलेला, तेवढ्याच भागात पाणी राहते. घनफळाच्या साधारण एक ते तीन टक्के. दोन टक्के धरले, तर या शिवारातली भूजल पातळी एक मीटरने वर येणे म्हणजे २० कोटी लिटर पाणी साठणे.

आता खर्चाची बाजू. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षभरात सुमारे दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे पातळीचा एक मीटर दहा हेक्टर उसात संपला. त्यातले थोडे पाणी पुन्हा झिरपते, ठिबक असेल तर गरज बरीच खाली येते, हे सगळे मान्य. तरी अंदाजाचा आकार बदलत नाही. शेजारीच दुसरा आकडा ठेवू. त्या गावात दोन हजार माणसे राहतात. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या मापाने त्यांना वर्षभर लागणारे पाणी होते चार कोटी लिटर. दोन हेक्टर उसाइतके. गावाची तहान आणि दोन हेक्टर ऊस एकाच मापाचे आहेत, हे ग्रामसभेत कोणी फळ्यावर लिहून दाखवले तर पुढची चर्चा कशी होईल याची मला उत्सुकता आहे.

असा हिशेब कोणी मांडतच नाही असे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला लोक पोकरा म्हणतात, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईने घडवून दिली. महसूल मंडळांमध्ये 'महावेध'ची हवामान केंद्रे उभी आहेत, राज्यात दोन हजारांहून अधिक. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो चढवतो. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह दर पाच दिवसांनी तेच शिवार दहा मीटरच्या बारकाईने टिपतात आणि त्यांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. ऊस कुठे आहे आणि हरभरा कुठे, हे त्यांवरून ओळखायला भूगोलाचा विद्यार्थी एका सत्रात शिकू शकतो. सगळे सुटे-सुटे आहे. पावसाचा आकडा कृषी खात्याकडे, पातळीचा भूजल खात्याकडे, पिकाचा महसूलकडे, धरणाचा जलसंपदाकडे. प्रकल्पाची मुदत संपली की त्याचा ताळेबंदही कपाटात जातो. एकाच पाणलोटाकडे वीस-तीस वर्षे न हलता बघत राहणारे कोणी नाही. सरकारी खात्याला ते जमणार नाही, कारण अधिकारी तीन वर्षांत बदलतो. स्वयंसेवी संस्थेचा निधी आटतो. गावाच्या हद्दीत पन्नास वर्षे टिकून राहील, दरवर्षी नव्या दमाची मुले जिथे येतील आणि मोजणे हे जिथले रोजचेच काम आहे, अशी एकच जागा उरते: महाविद्यालय.

मराठवाड्यात आठ जिल्हे, ७६ तालुके. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चे. दोघांची मिळून संलग्न महाविद्यालये शेकड्यांनी मोजावी लागतात. तालुक्याला एकाहून अधिक सहज येतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जवळचा एक पाणलोट घ्यावा आणि त्याची वही कायमची ठेवावी. पंधरा-वीस विहिरी, दोन-तीन पर्जन्यमापक, उपग्रहाच्या चित्रावरून दर हंगामाचा पीक नकाशा, आणि वर्षाअखेर मराठीत लिहिलेले चार पानांचे विवरण, जे ग्रामसभेत वाचले जाईल. पातळी मोजायला टेप पुरतो. पैसे असतील तिथे विहिरीत सेन्सर सोडता येतो, तो आकडे आपोआप पाठवतो. नव्या तंत्रज्ञानाचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. जे मोजायला पूर्वी मोठी प्रयोगशाळा लागत होती, ते आता किनवटच्या किंवा पाटोद्याच्या कला महाविद्यालयालाही परवडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: विद्यापीठाचे काम शिकवणे, गावाच्या विहिरी मोजणे नव्हे. हा आक्षेप मराठवाड्यात तरी शोभत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षीच परभणीला कृषी विद्यापीठ उभे राहिले. त्याच्या बदनापूर केंद्राचे बीडीएन ७११ हे तुरीचे वाण लवकर पिकते, म्हणून परतीच्या पावसाने दगा दिला तरी हाती काही लागते. रोगाने पिवळ्या पडणाऱ्या भेंडीच्या काळात 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण घराघरांत पोचले. सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरीची शिफारस याच विद्यापीठाने लावून धरली. पाऊस कमी झाला तर ओल धरायची आणि जास्त झाला तर पाणी काढून द्यायचे, अशी ती दुहेरी सोय. यातले काहीही चकचकीत नाही, पण ते इथल्या मातीत वर्षानुवर्षे घाम गाळून आलेले ज्ञान आहे. जालन्याजवळ कडवंचीला नव्वदच्या दशकात पाणलोटाचे काम झाले, ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि त्यामागच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने गाव न सोडता केले. कडवंचीची द्राक्षे सगळ्यांना दिसतात. तिथे तज्ज्ञ किती काळ टिकून राहिले, हे कोणी विचारत नाही.

आणि नावाचा विचार केला तर आक्षेप आणखीच लंगडा पडतो. संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्यांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना या देशाच्या नदीखोऱ्यांच्या नियोजनाचा पाया घातला. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. त्यांच्या नावासाठी मराठवाड्याने १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे काय भोगले, ते इथे पुन्हा सांगायला नको. हे विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मिळाले. ते कशासाठी, हा प्रश्न अजून तसाच आहे.

विद्यापीठे घरात बसली की ज्ञान बाहेरून मागवावे लागते. २०१५ मध्ये औरंगाबादेहून विमाने उडाली, कृत्रिम पावसासाठी. २०१९ मध्ये पुन्हा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. २०१८ मध्ये अकरा धरणे जलवाहिन्यांनी जोडायच्या वॉटर ग्रीडचा आराखडा करण्यासाठी मेकोरोट या इस्रायली कंपनीशी करार झाला. इस्रायलकडून शिकू नये असे मी म्हणत नाही. ठिबक तिथूनच आले. पण ज्या शहरात १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था म्हणजे वाल्मी आहे, साठ वर्षांहून जुने शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, त्या शहराच्या पंचक्रोशीतल्या धरणांचा आराखडा करताना या तिघांना कोणी महत्त्वाचे मानले नाही. आणि खरे बोलायचे तर त्यांनाही त्यात फारसे वावगे वाटले नाही.

पैठणच्या जायकवाडी धरणाचा वाद घ्या. १५ ऑक्टोबरला धरणात ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या तक्त्यांवरून ठरत आले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातले समन्यायी वाटपाचे तत्त्व आपल्या बाजूचे आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण कोर्टात आणि प्राधिकरणापुढे भांडण आकड्यांवर चालते. वरच्यांना हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेब तयार ठेवावा, नाहीतर 'आधी तुमचा ऊस बघा' या एका वाक्याने आपण गप्प होतो. समन्याय पैठणच्या वर हवा आणि पैठणच्या खाली नको, असे कसे चालेल?

दुसरा आक्षेप खरा आहे आणि मला त्यावर सोपे उत्तर नाही. हे करणार कोण? प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस चाळिशीला आला तरी पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्याला माहीत नसते. त्याने वीस वर्षांची वही सुरू करावी हे सांगायला तोंड लागते. म्हणून भरती ही या योजनेची पहिली अट आहे, पुरवणी मागणी नव्हे. दुसरे, बढतीचे गणित बदलावे लागेल. आज निबंध कुठे छापला याला गुण आहेत. एका पाणलोटाची दहा वर्षांची अखंड नोंद ठेवणाऱ्याला गुण नाहीत. मांजरा खोऱ्यावर पीएच.डी. होते, ती इंग्रजीत लिहिली जाते, तिची एक प्रत ग्रंथालयात जाते आणि धनेगावच्या शेतकऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. त्याच प्रबंधाचे मराठी विवरण ग्रामसभेत मांडल्याशिवाय तोंडी परीक्षा होणार नाही, असा नियम करायला कोणाची परवानगी लागते?

मुलांचा वेळ मात्र आता उपलब्ध आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३ मध्ये जी रचना ठरवली, तिच्यात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला श्रेयांक आहेत. सध्या त्याचे काय होते, हे कोणत्याही महाविद्यालयात जाऊन बघावे: इंटरनेटवरून उतरवलेले पंचवीस पानांचे 'प्रोजेक्ट', रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग, सही, गुण. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर तर १९६९ पासूनच्या परंपरेचे. भिंतीवर 'पाणी अडवा' लिहायचे आणि लावलेले झाड पुढच्या वर्षीच्या शिबिरात त्याच खड्ड्यात पुन्हा लावायचे. हेच तास विहिरींच्या मोजणीला दिले तर नवा पैसा फार लागत नाही. २०१६ मध्ये राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियानातून अभियांत्रिकी महाविद्यालयांना जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडायची वाट आखून दिली होती. कागदावर मार्ग आहे, चालणारे हवेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काय, असे कोणी विचारेलच. राज्याने २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी तिचे धोरण आणले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद ठेवली. परभणीत यंत्रमानव, ड्रोन आणि डिजिटल शेतीवर स्वतंत्र केंद्र झाले आहे. चांगलेच आहे. पण ही यंत्रे शिकतात ती साठवलेल्या नोंदींवर. उसाच्या नोंदी आहेत, कारण उसामागे कारखाना आहे. कोरडवाहू ज्वारीच्या, करडईच्या, हलक्या माळावरच्या तुरीच्या गावनिहाय नोंदी कोणाकडे आहेत? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. नोंदी नसतील तर मराठवाड्याच्या शेतकऱ्याला यंत्र जो सल्ला देईल, तो दुसऱ्याच कोणाच्या शेतावर शिकलेला असेल.

सप्टेंबर २०२५ ने तर प्रश्नाचे रूपच बदलून टाकले. टँकरसाठी ओळखले जाणारे धाराशिव जिल्ह्यातले भूम-परंडा पाण्याखाली गेले, बीड-लातूरकडे नद्यांनी काठची माती खरवडून नेली. अतिवृष्टीचा शासकीय निकष चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. मोजमाप होते ते मंडळाच्या केंद्रावर. एकाच मंडळात एका शिवारात ढग फुटतो आणि पाच कोसांवर भुरभुर असते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण केंद्राच्या मापात ६० आले तर त्याच्या वाहून गेलेल्या बांधाला पंचनाम्याची वाट पाहावी लागते. अशा वेळी गावात महाविद्यालयाने बसवलेला, रोज सकाळी साडेआठला वाचला जाणारा पर्जन्यमापक असता, तर त्या वहीला तहसीलदारासमोर किंमत आली असती. शास्त्राचा गावाला उपयोग काय, हे समजवायला मग व्याख्यानमाला लागत नाही.

या वहीत एक पान नीट आखून घ्यावे लागेल. ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्या पाण्याची नोंद आपोआप होते. ज्याच्याकडे जमीनच नाही, जो दिवाळी झाली की बैलगाडी किंवा ट्रॅक्टरवर संसार लादून धारूर-वडवणीहून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातो, त्याचे पाणी कोणत्या रकान्यात? आपल्या गावी पाणी नाही म्हणून तो दुसऱ्याच्या उसाला जातो, आणि त्याच्याच गावातला पाणीवाला ऊस लावतो. विहिरींच्या पातळीशेजारी त्या हंगामात किती कुटुंबे गाव सोडून गेली, हा आकडा लिहिला पाहिजे. समाजशास्त्राच्या विभागाला मग वेगळा विषय शोधावा लागणार नाही, आणि शाश्वत विकास म्हणजे फक्त सौर तावदाने आणि ठिबकच्या नळ्या असा समज व्हायलाही जागा उरणार नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मराठवाड्यातली कितीतरी महाविद्यालये ज्या संस्था चालवतात, त्यांचे अध्यक्ष कुठल्या ना कुठल्या साखर कारखान्याशी बांधलेले असतात. स्वतः नसले तर घरातले कोणी असते. तालुक्यात ऊस किती वाढला आणि पातळी किती मीटर उतरली, हे त्यांच्याच महाविद्यालयातला भूगोलाचा प्राध्यापक फळ्यावर लिहील, ही अपेक्षा भाबडी आहे. तो लिहिणार नाही. लिहिले तर पुढच्या वर्षी त्याच्या वर्कलोडचा, म्हणजे शिकवण्याचे तास पुरतात का याचा, प्रश्न निघेल. म्हणून या योजनेत सेन्सरपेक्षाही महत्त्वाचा भाग नोंद कुठे जाते हा आहे. मोजलेला आकडा त्याच दिवशी थेट विद्यापीठाच्या सर्व्हरवर गेला पाहिजे, प्राचार्यांच्या सहीशिवाय. तो कोणालाही पाहता आला पाहिजे. जुनी नोंद बदलली तर कोणी, कधी, का बदलली हे तिच्या शेजारीच दिसले पाहिजे. नोंद ठेवणाऱ्या शिक्षकाच्या नेमणुकीला संस्थेने हात लावायचा असेल, तर विद्यापीठाची आधी मान्यता हवी.

यासाठी नवा कायदा नको. अधिसभा आहे, विद्या परिषद आहे, व्यवस्थापन परिषद आहे. एखाद्या सदस्याने हा ठराव दोन्ही विद्यापीठांत येत्या बैठकीत मांडावा. मंजूर झाला तर चांगलेच. नाही झाला, तर कोणी काय कारण देऊन विरोध केला हे इतिवृत्तात नावानिशी येईल, आणि ते इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते.